प्रेअरीवरचा ल्युथरन पाळक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकोणिसाव्या शतकात नॉर्वेतले शेतकरी जहाजं भरभरून अमेरिकेला गेले आणि त्यांच्या मागोमाग थोडे पाळकही गेले. त्या पाळकांच्या आयुष्याबद्दल नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बरीच उत्तरं एका जोडप्याभोवती फिरतात : उलरिक विल्हेल्म कोरेन आणि त्यांची बायको एलिसाबेथ. कोरेन यांनी १८५३ पासून १९१० पर्यंत, म्हणजे ५७ वर्षं, एकच मंडळी, म्हणजे एका चर्चच्या सभासदांचा समुदाय, सांभाळली. एलिसाबेथबाईंनी पहिल्या दोनेक वर्षांची रोजनिशी लिहून ठेवली. पाळकांचे अहवाल वाचले की वाटतं सगळं आयुष्य घोड्यावर आणि व्यासपीठावर गेलं. घरात काय चाललं होतं ते बाईंकडून कळतं.

प्रेअरी म्हणजे नेमका कुठला मुलूख?

मिसिसिपी नदीच्या अल्याड-पल्याडचा गवताळ प्रदेश. आजच्या नकाशात इलिनॉय, विस्कॉन्सिनचा काही भाग, आयोवा, मिनेसोटा आणि पश्चिमेला डकोटा. ‘माळरान’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे कुसळं आणि खडक येतात, तसं हे नाही. इथलं गवत उन्हाळ्याच्या शेवटी माणसाच्या डोक्यावरून जातं. खालची माती काळी, कसदार आणि मुळांच्या जाळ्यानं अशी घट्ट बांधलेली की साधा नांगर त्यात रुतून बसायचा. जॉन डीअरनं १८३७ मध्ये पोलादी नांगर केला, त्यानंतर ही जमीन फोडणं जरा आवाक्यात आलं.

कोरेन जिथे राहिले ती वॉशिंग्टन प्रेअरी आयोवाच्या ईशान्य कोपऱ्यात, डेकोरा गावाजवळ आहे. तो भाग टेकड्यांचा, मधूनमधून झाडीचा. त्यामुळे घरं लाकडी ओंडक्यांची. गवताळ ढेकळं रचून केलेली मातीची घरं पुढची, १८७० नंतरची, आणि अजून पश्चिमेकडची.

ल्युथरन म्हणजे आपल्या नगर-सोलापूरकडच्या अमेरिकन मिशनवाल्यांपैकीच का?

नाही, आणि ही गफलत बऱ्याच जणांची होते. अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं ते १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट यांच्यापासून. ते लोक मुख्यतः काँग्रिगेशनल, म्हणजे प्रत्येक चर्चनं आपला कारभार आपणच पाहायचा असं मानणाऱ्या परंपरेतले. ल्युथरन म्हणजे मार्टिन लूथरच्या शिकवणुकीतले. नॉर्वेत १५३७ पासून ल्युथरन पंथ हाच राजधर्म होता. तिथे जन्मलेलं मूल ल्युथरन असणारच, जसं ते नॉर्वेजियन असणार.

दुसरा फरक जास्त महत्त्वाचा. हे पाळक कुणाचं धर्मांतर करायला गेले नव्हते. आपल्याच माणसांच्या मागे गेले होते. यजमान पुढे गेले, उपाध्याय मागून पोहोचले, असा हा प्रकार.

मग पाळकाला तिकडे बोलावलं कुणी?

लोकांनीच, पत्र लिहून. नॉर्वेतून पहिलं संघटित स्थलांतर १८२५ चं, ‘रेस्टॉरेशन’ नावाच्या लहानशा गलबतातून. त्यानंतर जवळजवळ अठरा वर्षं या लोकांना रीतसर दीक्षा झालेला पाळक नव्हता. १८४३ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या मस्कीगोला क्लाउस क्लाउसेन या डॅनिश तरुणाला दीक्षा मिळाली. १८४४ मध्ये नॉर्वेहून डीट्रिकसन हे पाळक आले आणि विस्कॉन्सिनमधल्याच कॉशकोनाँगला त्यांनी पहिली उपासना एका धान्याच्या कोठारात आणि दुसरी ओक झाडांखाली घेतली.

बोलावण्याच्या पत्रात व्यवहार स्पष्ट असे : वर्षाला अमुक रोख, राहायला घर, थोडी जमीन, आणि नाताळ, ईस्टर, पेंटेकॉस्ट या तीन सणांना वेगळं अर्पण. बाप्तिस्मा, लग्न, मर्तिक यांचं काय द्यायचं ते ज्यानं त्यानं पाहावं. हे पत्र ख्रिस्तियानियाला, म्हणजे आजच्या ऑस्लोला जायचं, आणि एखादा तरुण धर्मशास्त्री ‘हो’ म्हणेपर्यंत लोक वाट बघत बसायचे. बरेच जण ‘नाही’च म्हणायचे.

कोरेन हो म्हणाले. जन्म १८२६ चा, बर्गनचा. १८५२ मध्ये धर्मशास्त्राची पदवी, १८५३ मध्ये लार्विकच्या एलिसाबेथ हायसिंगशी लग्न आणि त्याच वर्षी अमेरिकेचा रस्ता.

पोहोचल्यावर राहायला घर मिळालं का?

पत्रात होतं, जमिनीवर नव्हतं. १८५३ च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी हे दोघं एरिक आणि हेलेना एगे या शेतकरी जोडप्याच्या खोपटात उतरले. कोरेन यांना सत्तावीस पूर्ण होऊन दोन दिवस झाले होते. एलिसाबेथबाई एकवीस वर्षांच्या.

खोपट १४ फूट बाय १६ फूट. म्हणजे २२४ चौरस फूट. बीडीडी चाळीतली १६० चौरस फुटांची खोली पाहिलेल्यांना अंदाज येईल. फरक इतकाच की इथे दाराबाहेर मोरी, नळ, शेजारी, काहीच नाही, नुसता बर्फ. आत चार मोठी माणसं आणि एगेंची दोन लहान मुलं. मध्ये चिटाचे पडदे लावून दोन ‘खोल्या’ केलेल्या. एका भागात दोन पलंग भिंतीला लागून टोकाला टोक, आणि तेवढ्यातच तो भाग संपला. दुसऱ्या भागात चूल, टेबल, पेट्या आणि बाकीचं सगळं जग. पाळकानं प्रवचन लिहायचं ते त्याच टेबलावर, मुलं पायात घोटाळत असताना.

असे काही महिने गेले. नंतरही काही काळ बिऱ्हाड दुसऱ्यांकडेच होतं. मंडळीनं घर बांधून दिलं, पण सवडीनं. नांगरणी-पेरणी आधी, पाळकाचं छप्पर नंतर. शेतकऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर त्यात काही चुकीचं नव्हतं.

या मुक्कामाची गंमत कळायला नॉर्वेची उतरंड माहीत हवी. तिकडे पाळक हा राजानं नेमलेला अधिकारी. आपल्याकडच्या जुन्या मामलेदारासारखा, किंबहुना थोडा वरच. शेतकऱ्यानं त्याच्या अंगणात टोपी काढून उभं राहायचं. आणि इथे तोच अधिकारी शेतकऱ्याच्या घरात पडद्याआड झोपतोय आणि सकाळी त्याच्याच चुलीवरची कॉफी पितोय. पुढच्या पन्नास वर्षांत पाळक आणि मंडळी यांच्यात जे काही झालं, त्यातलं बरंचसं या एका खोलीतच सुरू झालं असं मला वाटतं.

खायला काय असायचं?

डुक्कर. एलिसाबेथबाईंची या विषयावरची नोंद मिश्कील आहे : इथे पदार्थ बदलतात ते उकडलेल्या डुकरापासून तळलेल्या डुकरापर्यंत. सोबत बटाटे, पाव, कॉफी. मासळीच्या गावातून आलेल्या बाईला हे किती जड गेलं असेल ते कोकणातून घाटावर लग्न होऊन गेलेली कुणीही सांगेल.

चर्च नव्हतं, तर रविवारची उपासना कुठे व्हायची?

ज्याचं घर त्यातल्या त्यात मोठं त्याच्याकडे. लोक पलंगांवर, पेट्यांवर, उंबऱ्यावर बसत. उरलेले दाराबाहेर उभे. उन्हाळ्यात झाडाखाली. बैलगाड्यांतून यायचे. काही गाड्यांची चाकं म्हणजे जाड ओंडक्याच्या आडव्या चकत्याच.

गाणं मात्र अडायचं नाही. ऑर्गन नव्हता, त्याच्या जागी ‘साल्मोडिकन’ होतं : लांबट लाकडी पेटी, तिच्यावर एकच तार, आणि ती तार गजानं वाजवायची. पडद्यांच्या जागी आकडे लिहिलेले, त्यामुळे स्वरलिपी न येणाऱ्यालाही चाल काढता यायची. एकतारी आणि दिलरुबा यांचं लग्न लावलं तर साधारण असं काहीतरी होईल. आवाज किरटा, पण सुरात ओढून नेणारा. ते वाजवणारा आणि सुरुवातीची-शेवटची प्रार्थना म्हणणारा ‘क्लोकर’ नावाचा माणूस मंडळीतलाच असे. पाळक पुढच्या वस्तीत असला की घरी वाचन-गायन चालू ठेवायचं काम अशा माणसांवर यायचं.

आणि पाळकाचा वेष? पूर्ण सरकारी. पायघोळ काळा झगा आणि गळ्याभोवती चुण्यांची, खळ घातलेली पांढरीशुभ्र गोल कॉलर. नॉर्वेत डेझीसारख्या एका पांढऱ्या रानफुलाला आजही ‘पाळकाची कॉलर’च म्हणतात. ही कॉलर घोड्यावरून, चिखलातून, ओढ्यातून न चुरगळता न्यायची. तिला पुन्हा खळ घालून चुणी-चुणीला बसवायचं काम कुणाकडे असेल, ते वेगळं सांगायला नको. शेजारचे अमेरिकन पाळक साध्या कोटात प्रवचन द्यायचे, त्यांना हा अवतार मध्ययुगातून आल्यासारखा वाटायचा. नॉर्वेजियन शेतकऱ्यांमध्ये मात्र दोन तट पडायचे. काहींना झगा पाहून गावाकडचं चर्च आठवून डोळ्यांत पाणी यायचं. काहींना तोच झगा पाहून गावाकडचा पाळक आठवायचा आणि कपाळावर आठी यायची.

एका पाळकाकडे मुलूख किती असायचा?

आज कुणी घेणार नाही इतका. कोरेन यांच्याकडे सुरुवातीला ईशान्य आयोवातल्या वस्त्या आणि वर मिनेसोटाच्या आग्नेय भागातल्या वस्त्याही होत्या. त्यांच्याआधी १८५१ मध्ये नील्स ब्रांट हे पाळक एकदा फेरी मारून गेले होते. मिसिसिपीच्या पश्चिमेला कायमचा राहिलेला पहिला नॉर्वेजियन पाळक म्हणजे कोरेन. त्यांच्या त्या एका फिरतीतून पुढे कितीतरी स्वतंत्र मंडळ्या झाल्या.

फिरती म्हणजे घोडा किंवा बर्फावरची घसरगाडी. पूल नाहीत, पाट्या नाहीत, आणि हिवाळ्यात वाट आणि शेत एकसारखंच पांढरं. आज एकाकडे मुक्काम, उद्या दुसऱ्याकडे. प्रत्येक ठिकाणी बाप्तिस्मे, प्रभुभोजन, मुलांची तोंडी परीक्षा, भांडणांचा निवाडा, आणि मग पुन्हा खोगीर. ठरलेल्या दिवशी परतणं क्वचितच जमे. रोजनिशीत सारखं येणारं वाक्य कुठलं असेल तर ‘विल्हेल्म अजून आले नाहीत’ या अर्थाचं. खिडकीशी बसून गाडीच्या आवाजाकडे कान लावायचा आणि रात्री चरबीचा मिणमिणता दिवा पुरवून पुरवून जाळायचा.

पाळक महिनोन् महिने येणार नसेल, तर बाप्तिस्मा आणि मर्तिक कसं उरकायचे?

बाप्तिस्म्याला सोय होती. मूल जगेल असं वाटत नसेल तर कुणीही ख्रिस्ती माणूस, सुईणसुद्धा, पाणी घालून बाप्तिस्मा देऊ शकत असे. मूल वाचलं तर पाळक पुढच्या फेरीत त्याची खातरजमा करून वहीत नोंद करायचा.

मर्तिकाची गोष्ट मात्र थांबून ऐकण्यासारखी आहे. नॉर्वेत पाळकानं फावड्यानं तीनदा माती टाकायची : मातीतून तू आलास, मातीत तू मिळशील, मातीतून तू पुन्हा उठशील. आपल्याकडे ‘मूठमाती देणं’ म्हणतात, त्याच्या फार जवळचा हा विधी. या तीन फावड्यांशिवाय मेलेला माणूस नीट पोचला असं घरच्यांना वाटत नसे. प्रेअरीवर माणूस जानेवारीत गेला आणि पाळक एप्रिलमध्ये आला तर? शेजाऱ्यांनी कुदळीनं गोठलेली जमीन फोडून पुरलेलं असायचं. पाळक यायचा, सगळे त्या थडग्याशी पुन्हा जमायचे. तोवर वर गवताचे कोंब आलेले असायचे. त्या गवतावर पाळक तीनदा माती टाकायचा, तेच शब्द म्हणायचा, आणि मग घरची बाई पुन्हा पहिल्या दिवसासारखी रडायची.

या सगळ्याची नोंद पाळकाच्या मोठ्या वहीत : जन्म, बाप्तिस्मा, साक्षीदार, दृढीकरण (मोठ्या झालेल्या मुलानं मंडळीपुढे आपला विश्वास जाहीर करण्याचा विधी), लग्न, मृत्यू, आणि माणूस नॉर्वेतल्या कुठल्या गावचा. आज नातवंडं-पतवंडं आपलं मूळ गाव शोधतात ती याच वह्यांतून. प्रवचनं कुणी वाचत नाही, वह्या झिजेपर्यंत वाचल्या जातात.

मुलांना काय शिकवायचे?

प्रश्नोत्तरं! हे पान प्रश्नोत्तरांचं आहे, पण या बाबतीत ल्युथरन लोकांचा हात कुणी धरू शकणार नाही. लूथरची लहान प्रश्नोत्तरावली १५२९ ची : ‘याचा अर्थ काय?’ असं विचारत विचारत दहा आज्ञा, विश्वासांगीकार, प्रभूची प्रार्थना समजावणारी. तीवर एरिक पाँटोपिदान या बिशपनं १७३७ मध्ये स्पष्टीकरण लिहिलं, त्यात प्रश्न किती? ७५९. नॉर्वेत दृढीकरण १७३६ मध्येच सक्तीचं झालं होतं, त्यामुळे हे पुस्तक प्रत्येक शेतकऱ्याच्या पोराच्या डोक्यावर बसलेलं.

प्रेअरीवरही तेच. गाई राखता राखता पाठांतर, आणि मग पाळकासमोर भर मंडळीत उभं राहून उत्तरं. जो सगळ्यात चांगला तो ओळीत पहिला. शेवटचा कोण, तेही सगळ्या गावाला दिसायचं. प्रेमळ पद्धत होती असं म्हणवत नाही. पण घरात दुसरं पुस्तक नसताना हजारो मुलं वाचायला शिकली ती याच्यावर.

पगार कोण द्यायचं? आणि मिळायचा का?

मंडळीच द्यायची, आणि इथेच सगळी मेख आहे. नॉर्वेत पाळकाची सोय राज्यव्यवस्थेत बसवलेली होती. लोकांना तो आवडतो की नाही हा प्रश्नच नव्हता. अमेरिकेत धर्म आणि सरकार वेगळे. कर नाही, वसूल करणारा नाही, राजा नाही. मंडळी म्हणजे नावं नोंदवून, वर्गणी कबूल करून उभी राहिलेली संस्था. पीक आलं तर वर्गणी आली. नाही आलं तर पाळकाच्या अंगणात ओटची पोती, लाकडाची गाडी, एखादं डुकराचं पिल्लू. बलुतेदारीची आठवण होते खरी, पण बलुतं हा हक्क होता. ही होती मर्जी.

त्यामुळे पाळकाला नवीन धडा शिकावा लागला : ज्यांना रागवायचं त्यांच्याच वर्गणीवर जगायचं. मंडळीच्या सभेत मतं मोजली जायची. नॉर्वेत ज्यानं पाळकासमोर तोंड उघडलं नव्हतं तो शेतकरी इथे उठून ‘मला हे पटत नाही’ म्हणायचा. खिशात जमिनीचा कागद होता, एकराला सव्वा डॉलर सरकारी भावानं घेतलेल्या जमिनीचा. आवाज तिथून यायचा.

म्हणजे लोक पाळकाचं ऐकत नव्हते?

ऐकायचे, आणि भांडायचेही. नॉर्वेतच हान्स नील्सेन हाउगे या शेतकऱ्यानं झगेवाल्या पाळकांना बगल देऊन घराघरांत प्रार्थनासभा भरवण्याची चळवळ केली होती. त्या वळणाचे लोक अमेरिकेत एलिंग एइल्सेन या प्रचारकाभोवती जमले. त्यांना विद्यापीठात शिकलेल्या पाळकांचा झगा, कॉलर आणि लॅटिन या तिन्हींची चीड. शिकलेल्या पाळकांनी १८५३ मध्ये आपली वेगळी नॉर्वेजियन सिनड, म्हणजे मंडळ्यांचा संघ, उभी केली. तेव्हा त्यांची संख्या जेमतेम अर्धा डझन.

सगळ्यात कडू भांडण झालं गुलामगिरीवरून. सिनडनं आपले विद्यार्थी सेंट लुईसमधल्या जर्मन मिझुरी सिनडच्या कॉन्कॉर्डिया विद्यालयात पाठवले होते. तिथलं वातावरण गुलामगिरी राखू पाहणाऱ्या दक्षिणेकडे झुकलेलं. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं तेव्हा शेतकऱ्यांनी विचारलं, आमच्या पोरांना तिथे काय शिकवता? पाळकांनी उत्तर दिलं ते पुस्तकी : गुलामगिरी वाईट आहे, पण बायबलनुसार ती स्वतःहून पाप ठरत नाही. तर्क बिनचूक असेल, पण ज्यांची मुलं उत्तरेच्या सैन्यात भरती होत होती त्यांना तो ऐकून संताप आला. क्लाउसेन यांनी पाळकांच्या या उत्तरावर आधी सही केली, मग मागे घेतली, स्कँडिनेव्हियन पलटणीबरोबर पाळक म्हणून गेले, आणि वाद चिघळत चिघळत १८६८ मध्ये सिनडमधून बाहेर पडले. कोरेन आपल्या सहकाऱ्यांच्याच बाजूनं राहिले. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण या प्रकरणात शेतकरी बरोबर होते आणि पाळक चूक.

या भांडणातून एक चांगली गोष्ट निघाली. १८६१ मध्येच विद्यार्थी सेंट लुईसहून काढून विस्कॉन्सिनमधल्या ला क्रॉसजवळच्या एका पाळकाच्या घरात लूथर कॉलेज सुरू झालं. पुढच्या वर्षी ते डेकोराला आलं, आणि तिथली जागा मिळवण्यात कोरेन यांचा मोठा हात होता. १८८० नंतर पूर्वनियोजनाच्या सिद्धांतावरून सिनड पुन्हा फुटली. देवानं माणसाला निवडलं ते त्याचा विश्वास आधीच पाहून की न पाहता, असा तो वाद. भाऊ-भाऊ वेगळ्या चर्चमध्ये जाऊ लागले आणि एकाच वस्तीत समोरासमोर दोन मनोरे उभे राहिले. कोरेन १८९४ मध्ये सिनडचे अध्यक्ष झाले ते असं फाटकं घर सांभाळायला.

पाळकाच्या बायकोचं आयुष्य कसं होतं?

पगार एकाला, काम दोघांना. घरात पाहुणे सतत. मोलकरणी टिकत नसत, कारण वस्तीत मुली कमी आणि लग्नाळू तरुण भरपूर.

एलिसाबेथबाई शिक्षकाची मुलगी, वाचनाची आवड असलेली. त्यांच्याकडे विनोदबुद्धी होती आणि ती त्यांना तारून गेली. त्या फुलं गोळा करायच्या आणि माणसांच्या बोलण्याच्या लकबी टिपायच्या. विस्कॉन्सिनच्या स्प्रिंग प्रेअरीवर लिंका प्रेउस होत्या, पाळक हर्मन प्रेउस यांची बायको. त्याही रोजनिशी लिहायच्या आणि चित्रं काढायच्या.

पण सगळ्यांच्याच नशिबी समजूतदार नवरा नव्हता. मिनेसोटातल्या होल्डनचे पाळक बर्न्ट यूलियस मूस म्हणजे कर्तबगार माणूस, १८७४ मध्ये सेंट ओलाफ शाळा काढणारे. त्यांची बायको ओलीना हिनं १८७९ मध्ये वडिलांकडून आलेल्या वारशाच्या पैशासाठी नवऱ्यावर फिर्याद केली. नॉर्वेच्या कायद्यानं तो पैसा नवऱ्याचा, मिनेसोटाच्या कायद्यानं बायकोचा, असा पेच. पाठोपाठ क्रूर वागणुकीचे आरोप आले आणि वर्तमानपत्रांनी महिनोन् महिने ते चघळलं. अखेर न्यायालयानं दोघांना विभक्त केलं. पाळकाच्या बंगल्याच्या भिंती अशा भर चौकात उघड्या पडल्याचं दुसरं उदाहरण त्या काळात सापडणं कठीण.

ही जमीन आधी कुणाची होती?

हो-चंक या मूळ अमेरिकन लोकांची, ज्यांना तेव्हा विनेबागो म्हणत. विस्कॉन्सिनमधून हुसकून त्यांना १८४० मध्ये आयोवाच्या या पट्ट्यात आणलं आणि १८४८ मध्ये इथूनही मिनेसोटाला हलवलं. पहिले नॉर्वेजियन आले १८५० मध्ये. म्हणजे मधे फक्त दोन वर्षं. नावं मात्र राहिली. डेकोरा हे गाव आणि ते ज्या काउंटीत येतं ती विनेशीक, ही दोन्ही हो-चंक पुढाऱ्यांचीच नावं. ज्यांना घालवलं त्यांच्या नावाच्या गावात चर्च आणि कॉलेज उभं राहिलं, आणि पाळकांच्या लिखाणात याबद्दल अस्वस्थता फारशी दिसत नाही.

मिनेसोटात १८६२ मध्ये उपाशी, फसवल्या गेलेल्या डकोटा या मूळ अमेरिकन लोकांनी उठाव केला. शेकडो वसाहतवाले मारले गेले, त्यांत स्कँडिनेव्हियनही होते. डिसेंबरात मँकेटोला ३८ डकोटांना एकाच वेळी फाशी दिलं.

साथी, टोळधाड, हिमवादळं?

सगळंच. टोळांनी १८७३ ते १८७७ अशी सलग वर्षं मिनेसोटाची पिकं खाल्ली. एप्रिल १८७७ मध्ये गव्हर्नरनं प्रार्थनेचा दिवस जाहीर केला होता.

साथीचं एक दृश्य इलिनॉयमधल्या अँडोव्हरचं, स्वीडिश पाळक लार्स पॉल एस्ब्योर्न यांच्या मंडळीचं. प्रसिद्ध गायिका जेनी लिंड हिनं चर्चसाठी १५०० डॉलर दिले. बांधकाम सुरू झालं आणि कॉलरा आला. तळघरात आजारी माणसं ठेवली, आणि मनोऱ्यासाठी आणलेलं लाकूड शवपेट्यांना लागलं. ते छोटं चर्च अजून आहे. मनोरा नाही.

भारताशी यातल्या कुणाचा संबंध आला का?

एकाचा, आणि तो भन्नाट माणूस आहे. योहान ख्रिस्तियान फ्रेडरिक हायर, जर्मनीत १७९३ मध्ये जन्मलेला. अमेरिकेच्या सीमावर्ती मुलखात पाळकी करून १८४२ मध्ये तो आंध्रातल्या गुंटूरला आला आणि तिथलं ल्युथरन मिशन सुरू केलं. १८५७ मध्ये परत जाऊन थेट मिनेसोटा गाठलं, साठी उलटल्यावर, आणि १८६० मध्ये तिथली सिनड उभी केली. मग १८६९ मध्ये राजमहेंद्रीचं मिशन दुसऱ्यांच्या हाती जाणार असं कळल्यावर, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, पुन्हा बोटीत बसला. मिनेसोटाची थंडी आणि गुंटूरचा उन्हाळा दोन्ही सोसलेला असा दुसरा पाळक माझ्या माहितीत नाही.

नॉर्वेजियन भाषेतली उपासना कधी थांबली?

हळूहळू, आणि मग एकदम. पहिल्या महायुद्धात सगळ्याच परक्या भाषांवर संशय आला. २३ मे १९१८ रोजी आयोवाचे गव्हर्नर विल्यम हार्डिंग यांनी फर्मान काढलं : शाळेत, रस्त्यावर, आगगाडीत, टेलिफोनवर आणि चर्चमध्ये फक्त इंग्रजी. ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांनी घरात प्रार्थना करावी. वर्ष संपायच्या आत फर्मान मागे घेतलं गेलं, पण धसका राहिला.

कोरेन १९१० मध्ये वारले होते. एलिसाबेथबाई गेल्या त्या १९१८ मध्ये, फर्मानाच्याच वर्षी.

त्या काळातलं आज काही पाहायला मिळतं का?

हो. डेकोरात वेस्टरहाइम नावाचं नॉर्वेजियन-अमेरिकन संग्रहालय आहे. एगेंचं ते खोपट मूळ जागेवरून हलवून तिथे जपलं आहे. एलिसाबेथबाईंची रोजनिशी इंग्रजीत १९५५ मध्ये आली. ती वाचून मग तिथे गेलात तर चौदा बाय सोळा फुटांत पडदा कुठे बांधला असेल ते आपोआप शोधायला लागाल.